पणजोबांच्या वडिलांचं नाव कुठे सापडतं? कोतवाल बुकापासून तीर्थोपाध्यायांच्या वहीपर्यंत

तुमचं पूर्ण नाव सांगा. त्यात वडिलांचं नाव आपोआप येतं. आजोबांचंही पटकन सांगता येतं. पणजोबांचं? इथे बऱ्याच जणांची गाडी अडते, आणि पणजीचं नाव विचारलं तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावावा लागतो.

हा नुसता हौसेचा विषय होता तोवर ठीक होतं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली आणि ५० लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. तेव्हापासून 'कोतवाल बुक', 'खासरा पत्रक', 'मोडी वाचक' हे शब्द गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचे झाले. जात पडताळणी असो, वडिलोपार्जित जमिनीचा वाद असो की फक्त 'आपण मूळचे कुठले' हा प्रश्न असो, शेवटी हात त्याच कागदांना लावावा लागतो. ते कागद कुठे असतात आणि ते वाचायचे कसे, ते बघू.

सुरुवात घरातून, पण डोळे झाकून नाही

आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. जुने सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, खरेदीखतं, लग्नपत्रिका, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावरचा जन्मगाव आणि तालुका हा रकाना सगळ्यात कामाचा. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. महाराष्ट्रात एका पिढीतले कितीतरी लोक १ जूनला जन्मलेले आहेत, कारण पोराला शाळेत घालताना गुरुजींनी ती तारीख टाकून दिली. सोयीची तारीख होती, एवढंच.

दाखला हरवला असेल तर शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यालाच काही ठिकाणी दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांमध्ये ही रजिस्टरं शंभर वर्षांमागे जातात. त्यात वडिलांचं नाव, जात, आधीची शाळा असं सगळं असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या.

जमिनीचे कागद म्हणजे अर्धी वंशावळ

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ एकत्र. वंशावळीसाठी मात्र खरा खजिना आहे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. जमिनीवर कुणाचं नाव लागलं, कुणाचं कमी झालं आणि का, हे फेरफारात लिहिलेलं असतं. खातेदार अमुक तारखेला मयत, वारस मुलगा अमुक, मुलगी अमुक, विधवा अमुक. एका फेरफारात दोन पिढ्या मिळतात. असे तीन-चार फेरफार एकाखाली एक लावले की आपण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालचा आहे, त्यामुळे त्याआधीचा फेरफार शोधत बसण्यात अर्थ नाही.

जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. म्हणजे कंसातली नावं ही तुमची मागची पिढी. शेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो घेऊन तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. काही जिल्ह्यांचे जुने कागद महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, तिथे आधी शोधलं तर एखादी फेरी वाचते.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. आजचा सातबारा गट नंबरचा असतो आणि जुने कागद सर्व्हे नंबरचे असतात. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले. त्यामुळे गट नंबर सांगून १९२० सालचा कागद मागितला तर 'सापडत नाही' हेच उत्तर येणार. आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना सर्व्हे नंबर शोधा, मग पुढचं बोला.

कागदांची नावंही प्रदेशानुसार बदलतात. मराठवाडा निजामाकडे होता, तिथे खासरा पत्रक आणि सेतवार विचारावं लागतं. मागे गेलात की भाषाही उर्दू होते. नागपूरकडे अधिकार अभिलेख पंजी आणि बंदोबस्त मिसल. कोकणात बोटखत आणि खोतीचे कागद. शिवाय जिल्हेही हलले आहेत. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात. आजच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कागद नाही म्हणजे कागदच नाही असं समजू नका, जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीही चौकशी करा.

कोतवाल बुकातली माणसं

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही. गावात कुणी जन्मलं किंवा वारलं की कोतवाल खबर द्यायचा आणि ती वहीत चढायची. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण. नोंदी अपुऱ्या आहेत, वयं अंदाजे आहेत, पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचं नावही इथे सापडतं. म्हणून या वहीची किंमत मोठी.

आणि ही वही एका घरापुरती वाचू नका. १९१८ सालची पानं मिळाली तर सप्टेंबर ते नोव्हेंबर नीट बघा. इन्फ्लुएन्झाची साथ तेव्हा मुंबई इलाख्यात पसरली होती. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू असणाऱ्या गावात त्या दिवसांत कारणाच्या रकान्यात 'ताप, ताप, ताप' असं ओळीने दिसू शकतं. 'पणजोबा तरुणपणीच गेले, मग पणजी पोरांना घेऊन माहेरी आली' अशी गोष्ट घरात सांगत असतील तर तिचं उत्तर कदाचित त्याच पानावर असेल.

ही जुनी पुस्तकं साधारणपणे तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. पानं कुरतडलेली, बांधणी सुटलेली. अर्जात गावाचं नाव, नोंदीचा प्रकार आणि अंदाजे वर्षांची मर्यादा लिहा. 'आमच्या सगळ्या नोंदी द्या' असा अर्ज कुणी हातात धरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्या कारकुनाचं फारसं चुकत नाही.

'बिन', 'वलद', 'कोम' म्हणजे काय?

जुन्या कागदात आडनाव शोधत बसाल तर फसाल. अनेक नोंदींत आडनाव नसतंच. 'बाळा बिन रामा' म्हणजे रामाचा मुलगा बाळा. 'वलद' चाही अर्थ तोच. 'कोम' किंवा 'भ्रतार' असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे वारस लहान होता आणि त्याच्या वतीने दुसरं कुणी होतं. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण कागदावर नाव एका भावाचं असलं तरी जमीन सगळ्यांची होती, हे सांगणारी तीन अक्षरं आहेत ती.

दुसरी अडचण आपल्याच रिवाजाची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्याने 'रामा बाळा', मग 'बाळा रामा', मग पुन्हा 'रामा बाळा' अशी साखळी होते. दोन वेगळ्या पिढ्यांतले रामा एकच समजून लोक वंशावळीतली अख्खी साठ वर्षं गिळून टाकतात. म्हणून नुसतं नाव जुळून चालत नाही. नाव, बापाचं नाव, सर्व्हे नंबर आणि साल, यातलं तीन तरी जुळायला हवं.

मोडी आणि सनांचा गोंधळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे कितीतरी मराठी कागद मोडीत आहेत. बोरूने न उचलता लिहायची ही लिपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. तरी ती अवघड आहे यापेक्षा सवय गेली आहे असं म्हणणं बरोबर. राज्याचा पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आलेत. तेवढा वेळ नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण एकाच शब्दावर प्रकरण अडलं असेल तर दुसऱ्या वाचकालाही दाखवा.

मग तारखा. शक असेल तर ७८ मिळवा: शके १८४० म्हणजे १९१८. दख्खनी फसली असेल तर ५९०: फसली १३२८ म्हणजे १९१८-१९. पेशवेकालीन कागदात शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहितात, तोही एकं-दहं अशा उलट्या क्रमाने. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, येतं १७६०-६१. हे पानिपतचं वर्ष. शुहूर सन जूनच्या सुमाराला, मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून दोन आकडे.

एवढं मागे जायचं असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. इमारत १८९१ सालची. कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद. गो. स. सरदेसाई यांनी त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. पण तिथे सगळ्यांचे पूर्वज सापडतील असं नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार, म्हणजे ज्यांचं वतन होतं त्यांचे कागद जास्त. इंग्रजांच्या इनाम कमिशनने वतनाचे पुरावे मागितले तेव्हा अशा घराण्यांनी वंशावळी लिहून दिल्या, त्याही तिथे आहेत. त्या वाचताना लक्षात ठेवा, इनाम टिकवायचं होतं म्हणून त्या लिहिल्या गेल्या.

महार वतनाच्या जमिनींचेही कागद झाले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं संपली आणि त्या निमित्ताने कुणाची किती जमीन याच्या नोंदी झाल्या. वरच्या जातींच्या छापील कुलवृत्तांतांत ज्यांना जागाच नव्हती, त्या घरांसाठी कोतवाल बुक, वतनाचे कागद आणि शाळेचं रजिस्टर हेच मुख्य दुवे.

जात पडताळणीसाठी शोधत असाल तर

इथे मानीव दिनांक बघतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद वजनदार. मात्र नोंद सापडणं हे अर्धंच काम. नोंदीतला माणूस आणि तुम्ही यांच्यातली प्रत्येक पायरी कागदाने जोडावी लागते. आणि मूळ कागदावर पेन लावू नका, फिकट अक्षर 'गडद' करण्यासाठीसुद्धा. एका रेघेमुळे खरी नोंदही खाडाखोड ठरू शकते.

बायका कुठे गेल्या?

वंशावळीच्या बहुतेक तक्त्यांत फक्त पुरुष असतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस फेरफारांत मुलींची नावं नेमाने दिसू लागतात. मग पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोड पत्र येतं आणि ती नावं पुन्हा कंसात जातात. तो फेरफार टाकून देऊ नका. आत्याचं सासरचं नाव, तिचं गाव आणि कधी कधी तिचा अंगठा फक्त तिथेच असतो.

दुसरी जागा म्हणजे नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या. यात्रेला किंवा विधीला कोण आलं, बरोबर कोण होतं, गाव कुठलं, हे पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं असतं. वह्या गावानुसार, आडनावानुसार लावलेल्या असतात, म्हणून मूळ गाव माहीत असल्याशिवाय तिथे गेलात तर हात हलवत परत याल. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशाच वह्या आहेत. यूटाच्या वंशावळ संस्थेने त्यांतल्या कित्येकांची मायक्रोफिल्म करून ठेवली आहे.

तुमच्या घराण्याचं पान निघालं की तीर्थोपाध्याय जुनी नावं वाचून दाखवतात आणि मग विचारतात, आता तुमची सांगा. तेव्हा बायकोचं आणि मुलींचंही नाव सांगा, आणि ते लिहून होईपर्यंत तिथून उठू नका.