बिरुद आणि यंत्र : 'गोल्ड स्टार'ची गोष्ट

बीड जिल्ह्यातील कोणत्याही गावी देशमुख, पाटील, कुलकर्णी ही आडनावे भेटतात. मुळात ती आडनावे नव्हतीच. ती कामे होती. परगण्याची वसुली, गावाचा कारभार, दप्तराची राखण. कालांतराने कामे गेली आणि नावे उरली. एका इंग्रजी शर्यतीच्या मोटरसायकलचा इतिहास वाचताना आम्हांला या आडनावांची वारंवार आठवण झाली.

बी.एस.ए. ही अक्षरे आपल्या पिढीला ठाऊक आहेत ती मद्रासच्या टी.आय. कंपनीच्या सायकलींमुळे. त्यांचे मूळ मात्र १८६१ साली स्थापन झालेल्या 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' या बंदुका बनवणाऱ्या कंपनीत आहे. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे बोधचिन्ह. पुढे ती मोटरसायकली बनवू लागली. १९२१ साली आइल ऑफ मॅन बेटावरील टी.टी. शर्यतीत तिने सहा गाड्या उतरवल्या. एकही शेवटपर्यंत पोहोचली नाही. या फजितीनंतर कंपनीने शर्यतींपासून दीर्घकाळ अंतर राखले. कामावर जाणाऱ्या माणसाची साधी, भरवशाची गाडी, हीच तिची ओळख झाली.

३० जून १९३७ रोजी ती ओळख बदलली. ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या उतरत्या मार्गावर ताशी शंभर मैलांपेक्षा अधिक वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या स्वारास ब्रिटिश मोटरसायकल रेसिंग क्लब सोन्याच्या ताऱ्याचे पदक देत असे. निवृत्तीतून परतलेल्या वॉल्टर हँडलीने बी.एस.ए.च्या 'एम्पायर स्टार'वर १०७.५७ मैलांच्या वेगाने फेरी मारली आणि शर्यतही जिंकली. पदक स्वाराला मिळाले. नाव मात्र गाडीने घेतले. १९३८ मध्ये 'गोल्ड स्टार' बाजारात आली.

लगेच युद्ध आले. ब्रुकलँड्सची जागा विमाने बनवण्यासाठी वापरली गेली आणि तेथील शर्यती कायमच्या थांबल्या. हँडली १९४१ मध्ये विमान अपघातात मरण पावला. कर्तृत्वाची जागा आणि कर्ता दोघेही गेले. उरले ते नाव.

येथे ही कथा आडनावांच्या कथेपासून निराळी होते. युद्धोत्तर 'गोल्ड स्टार'चे प्रत्येक इंजिन हातांनी जुळवले जाई, त्याची शक्ती मोजली जाई आणि त्या मोजणीचा दाखला ग्राहकाच्या हाती दिला जाई. हौशी स्वारांसाठी असलेल्या क्लबमन टी.टी.तील ३५० सी.सी.ची शर्यत १९४९ ते १९५६ या काळात दरवर्षी याच गाडीने जिंकली. म्हणजे बिरुद वारशाने मिळालेले असले, तरी प्रत्येक यंत्राला ते नव्याने कमवावे लागत होते. आमच्या मते तिच्या अभिजाततेचे रहस्य वेगापेक्षा या दाखल्यात अधिक आहे.

१९६३ मध्ये उत्पादन थांबले. १९७३ पर्यंत मूळ कंपनीही मोडीत निघाली. २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहातील 'क्लासिक लेजंड्स'ने बी.एस.ए.चे नाव विकत घेतले. नवी ६५२ सी.सी.ची 'गोल्ड स्टार' डिसेंबर २०२१ मध्ये बर्मिंगहॅमला प्रकट झाली आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात आली. ज्या साम्राज्याच्या नावाने हँडलीची गाडी ओळखली जात होती, त्याच्या एका जुन्या वसाहतीकडे आता तिच्या नावाची मालकी आहे. हा काव्यगत न्याय वाटतो. पण नवी गाडी शर्यतीची नाही, हेही नोंदवले पाहिजे. पदक आता मालमत्ता झाले आहे.

यानंतर दोनच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, आपल्या भाषेलाही अभिजाततेचे बिरुद मिळाले. मुकुंदराजांची समाधी असलेल्या अंबाजोगाईच्या जिल्ह्यात त्याचा आनंद होणे साहजिकच होते. परंतु मुकुंदराज आणि दासोपंत ही आपल्या हँडलीची फेरी झाली. ती त्यांनी मारली. पदक आपण लावले. आज लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक पानासोबत मोजणीचा दाखला देण्याची आपली तयारी आहे काय? नसेल, तर 'अभिजात' हेही आपले एक आडनाव होऊन बसेल.