प्रवासी वादिका : क्लारा शूमान

एकोणिसाव्या शतकातील युरोपात सुखवस्तू घरातील मुलींना पियानो शिकवीत, तो बहुधा दिवाणखान्याची शोभा म्हणून. त्याच वाद्यावर गावोगाव फिरून संसार चालविणाऱ्या स्त्रिया विरळाच. क्लारा शूमान ही त्यांत अग्रगण्य होय.

तिचा जन्म १८१९ साली लाइप्झिग येथे झाला. पिता फ्रीडरिख वीक हा पियानोचा शिक्षक व विक्रेता. मुलीला थोर वादक करण्याचा त्याने चंगच बांधला होता. तिची रोजनिशीही प्रारंभी तोच तिच्या नावाने लिही. १८२८ साली, अवघ्या नऊ वर्षांची असताना, ती श्रोत्यांपुढे आली. १८३८ साली व्हिएन्नाच्या दरबाराने तिला राजवादकाचा मान दिला. परंतु संगीतकार रॉबर्ट शूमानशी विवाह करण्यास पित्याने संमती नाकारली. अखेर न्यायालयात दाद मागून १८४० साली विवाह झाला.

पुढे निराळाच अडसर आला. रॉबर्टला रचनेसाठी शांतता हवी. म्हणून क्लाराचा पियानो मुका राही. तरीही मिळकतीसाठी दौरे अटळ होते. १८४४ साली ती रशियापर्यंत गेली.

१८५४ च्या फेब्रुवारीत रॉबर्टने मनोविकाराच्या भरात ऱ्हाइन नदीत उडी घेतली. तो वाचला, पण त्याची रवानगी बॉननजीकच्या एंडेनिख येथील रुग्णालयात झाली. जूनमध्ये क्लाराला शेवटचे अपत्य झाले आणि शरदात ती पुन्हा दौऱ्यावर निघाली. सात मुलांपैकी काही आप्तांकडे, काही वसतिगृहात. कोणी तिला निष्ठुर म्हणेल. पण संसाराचा भार तिच्याच दहा बोटांवर होता. पतीची भेट वैद्यांनी वर्ज्य केली होती. ती घडली १८५६ च्या जुलैत, त्याच्या मृत्यूपूर्वी दोन दिवस. इंग्लंडमधील जलसे आटोपून ती नुकतीच परतली होती.

इंग्लंडच्या वाऱ्या पुढे १८८८ पर्यंत चालल्या. तिच्या जलशांच्या सुमारे १३०० कार्यक्रमपत्रिका आज उपलब्ध आहेत. नुसत्या चमत्कृतीपेक्षा बेटोव्हेन, शोपँ आणि रॉबर्ट यांच्या रचना तिने श्रोत्यांत रुजविल्या. मात्र तिची स्वतःची रचना जवळजवळ थांबली. १८७८ पासून तिने फ्रँकफुर्टच्या संगीतविद्यालयात अध्यापन केले. १८९६ साली ती निवर्तली.

युरो येईपर्यंत जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचे चित्र होते. परमुलखी चाकरी करणाऱ्या आपणांस वियोगाचा हिशेब परका नाही. पण आपल्यामागे घर सांभाळणारे कोणीतरी बहुधा असते. क्लाराला घरही सांभाळायचे होते आणि प्रवासही करायचा होता.