पडद्याआडचा सूर



मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा गायक नटांच्या नावांनी सांगतो. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ अशी ती उज्ज्वल मालिका आहे. परंतु ज्याने एखादी रात्र विंगेत उभे राहून काढली आहे, त्याला हाच इतिहास निराळ्या बाजूने दिसतो. मला तो महाराष्ट्रापासून फार दूर, चंडीगडमध्ये दिसला.

2016 सालच्या डिसेंबरात येथील काही मराठी कुटुंबांनी ‘संगीत सौभद्र’ बसविले. तालमी माझ्या सरकारी निवासस्थानाच्या दिवाणखान्यात होत. नांदीच्या मेळात उभे राहण्यापुरतीच भूमिका माझ्या वाट्याला आली होती. नांदी संपली, की पगडी उतरवून हाती संहिता घ्यावयाची आणि विंगेतून नटांना शब्द पुरवावयाचे, हे माझे खरे काम. आमचे तबलजी पंजाबी होते. त्यांना मराठी येत नव्हते. पण पद कोठे वळणार, हे ते गाणाऱ्याच्या श्वासावरून ओळखीत. यात नवल नाही. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. आणि 1901 मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपले गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ते लाहोरला. महाराष्ट्र आणि पंजाब यांमधली वाट सुरांनी पूर्वीच मळविलेली आहे.

‘सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्करांविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो, कारण तेही कचेरीतले मनुष्य. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करीत असतानाच त्यांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. त्यांचा जन्म 1843 सालचा. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले होते. भाव्यांच्या नाटकात पदे गाई सूत्रधार. पात्रे येत, आविर्भाव करीत, उत्स्फूर्त भाषणे बोलत. किर्लोस्करांनी ते गाणे सूत्रधाराच्या कंठातून काढून पात्रांच्या मुखी दिले. दुःख ज्याचे, सूरही त्याचाच, ही त्यांची खरी क्रांती होय.

तथापि या क्रांतीत एक गोष्ट राहून गेली होती. स्त्रीचे दुःख गात होता पुरुष. भाऊरावांनी आणि पुढे बालगंधर्वांनी त्या भूमिका अलौकिक केल्या, हे निर्विवाद. पण घरंदाज स्त्रीला रंगमंचाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. 1929च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटकमंडळी काढून हा निर्बंध मोडला. मात्र रंगभूमीवरचे निर्बंध मोडले, म्हणून ते घराघरांतूनही त्याच दिवशी सुटले असे नव्हे.

आता प्रयोगाच्या रात्रीकडे वळतो. बाहेर दाट धुके होते. दमट हवेने तबल्याची पुडी उतरत होती आणि ती शेगडीपाशी धरून आम्ही पुनःपुन्हा सुरात आणीत होतो. मध्यंतरात कळले, की आमच्या सुभद्रेचा आवाज पूर्ण बसला आहे. बोलणे कसेबसे निभावत होते. गाणे अशक्य होते. सभागृह दहाला रिकामे करून देणे भाग होते. मी म्हणालो, “पदे गाळू या. वेळही वाचेल.” फायलीवर शेरा मारावा तितक्या सहजपणे मी हे बोललो, याची मला आजही लाज वाटते.

सुभद्रेला शालू नेसवणाऱ्या एक सत्तरीच्या आजी तेथे होत्या. त्या टाचण्या हातात तशाच धरून म्हणाल्या, “साहेब, सुभद्रेची सगळी पदं मला येतात. चालत असेल तर आतून म्हणते.” लहानपणी त्यांना गाणे शिकविले होते, पण नाटकात जाऊ दिले नव्हते.

कपड्यांच्या ट्रंकेवर बसून, विंगेच्या पडद्याआडून त्या गाऊ लागल्या. आवाज थकलेला होता. सूर पक्का होता. रंगमंचावरची सुभद्रा प्रथम गोंधळली. मग तिने ओठ हलविणे सोडून दिले आणि ती नुसती ऐकू लागली. आपल्याच मनातले कोणीतरी बोलत आहे, असे ते ऐकणे होते. माझ्या हातातली संहिता मिटली गेली. किर्लोस्करांनी पात्राच्या मुखी दिलेले गाणे त्या रात्री नाइलाजाने पुन्हा पडद्याआड गेले होते. भाव्यांच्या सूत्रधाराची परंपरा आम्ही नकळत चालविली. पण या वेळी आत सूत्रधार नव्हता. जिला बाहेर येऊ दिले नव्हते, ती होती.

शेवटी सर्व नट ओळीने उभे राहिले. आजींना मी बाहेर बोलावले. “माझं काय काम तिथं?” असे म्हणून त्या शालूची घडी घालू लागल्या. मी आग्रह करावयास हवा होता. निदान प्रेक्षकांना सांगावयास हवे होते. पण घड्याळात दहा वाजत आले होते, आणि मी पडदा पाडण्याची खूण केली.

त्या प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका माझ्यापाशी आहे. तीत आजींचे नाव ‘वेशभूषा’ या शीर्षकाखाली छापलेले आहे. संगीत नाटकाच्या जुन्या जाहिराती जेव्हा पाहतो, तेव्हा मी आता मोठ्या अक्षरांतली नावे वाचून थांबत नाही. खालची बारीक अक्षरेही वाचतो, आणि त्याहीखालची कोरी जागा पाहतो.