पार्सरमधल्या टिपांचा इतिहास

डेटाबेसला दिलेली आज्ञा आधी पार्सर वाचतो. तिचे शब्द सुटे करून व्याकरण तपासतो. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात पोस्टग्रेस या डेटाबेसचे काम सुरू झाले. त्याची पहिली भाषा पोस्टक्वेल. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी तिच्या जागी एसक्यूएल आणली. १९९६ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल हे नाव आले.

त्याचे व्याकरण ‘ग्राम डॉट वाय’ या फाइलमध्ये आहे आणि आरंभीची टीप फार मोलाची आहे. इथून डेटाबेसला हात लावू नये, असे ती बजावते आणि कारणही देते: ट्रॅन्झॅक्शन मध्येच फसले असतानाही पार्सरला पुढची ‘रोलबॅक’ आज्ञा ओळखता आलीच पाहिजे. कोड काय करतो, हे कोडच दाखवतो. काय टाळायचे आणि का, हे टिपेशिवाय कळत नाही.

कारण नोंदवून ठेवण्याची ही गरज महसुली दप्तराने फार आधी ओळखली. जमिनीच्या सातबाऱ्यावरही नावासोबत फेरफार क्रमांक असतो. बदल वारसाने झाला की खरेदीने, हे त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये सापडते.

म्हणून पार्सरमध्येही व्याकरणाचा नियम बदलणाऱ्याने त्यावरची टीपही त्याच बैठकीत बदलावी. शिळी टीप पुढच्या माणसाची दिशाभूल करते.