नवजात बाळ : घराच्या उंबरठ्यापासून देवमंदिरापर्यंत

घरात बाळ जन्माला आले की आनंदाबरोबर प्रश्नही येतात. बाळाला बाहेर केव्हा काढावे? स्नानसंस्कार लवकर करावा की सर्व नातेवाईक जमेपर्यंत थांबावे? बाळ रडत असेल तर मिस्साबलिदानाला न्यावे की नाही? मोत माउलीला बोललेला नवस केव्हा फेडावा? धर्मग्रामाच्या कार्यालयात हे प्रश्न वारंवार विचारले जातात. काही घरांत त्यांवरून वादही होतात आणि त्याचा त्रास बाळंतिणीला सोसावा लागतो. म्हणून पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेचा कायदा आणि बाळाचे आरोग्य या तीनही बाजूंनी या विषयाची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

प्रभू येशूचा पहिला प्रवास

संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात येशू बाळाच्या पहिल्या मंदिरभेटीचे वर्णन आहे. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात आले. बेथलेहेमपासून यरुशलेम सुमारे ८ ते ९ किलोमीटर दूर आहे. तान्ह्या बाळासह हा प्रवास सोपा नव्हता. परंतु नियमशास्त्राची आज्ञा त्यांनी मनोभावे पाळली.

लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे मुलगा झाल्यास आठव्या दिवशी त्याची सुंता होई आणि एकूण ४० दिवसांनी माता मंदिरात अर्पण घेऊन जाई. हे अर्पण एक वर्षाचे कोकरू आणि एक पक्षी असे असे. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांना दोन पक्षी अर्पण करण्याची मुभा होती. पवित्र कुटुंबाने हेच गरिबांचे अर्पण केले. बाळाच्या आगमनाचा सोहळा ऐपतीबाहेर जाऊन करणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

मंदिरात बाळाचे स्वागत केले ते शिमोन आणि हन्ना या दोन वयोवृद्धांनी. नव्या जीवाला हाती घेऊन देवाची स्तुती करणारे वृद्ध हात आजही आपल्या घराघरांत आहेत. नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा प्रभूच्या समर्पणाचा सण साजरा करते व त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ सालापासून हाच दिवस समर्पित जीवनाचा जागतिक दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला.

सव्वा महिना आणि मातेचा आशीर्वाद

आपल्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये अशी रीत आहे. या रीतीमागे विश्रांतीचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. प्रसूतीनंतर शरीर पूर्ववत होण्यास साधारणतः सहा आठवडे लागतात. तथापि या रीतीला विटाळाची कल्पना जोडली जाते, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेने तिला नकार दिला पाहिजे. नव्या जीवाला जन्म देणारी माता कोणत्याही अर्थाने अपवित्र नसते.

जुन्या काळी ख्रिस्तसभेतही प्रसूतीनंतर मातेला चर्चच्या दारी भेटून आशीर्वाद देण्याचा विधी होता. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथात तो आढळतो. धर्मगुरू हाती पेटती मेणबत्ती घेतलेल्या मातेला आपल्या स्टोलचे टोक धरावयास देऊन वेदीकडे नेत असत. त्या प्रार्थनांचा आशय उपकारस्तुतीचा होता. मात्र लोकांच्या मनात शुद्धीकरणाची समजूत राहिली. त्या काळी स्नानसंस्कार जन्मानंतर काही दिवसांतच होत असल्याने पुष्कळ माता स्वतःच्या बाळाच्या स्नानसंस्काराला हजर नसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी प्रसिद्ध झाला. त्यात मातापित्यांना मानाचे स्थान मिळाले आणि समारोपाला मातेसाठी व पित्यासाठी खास आशीर्वाद आला.

लेवीय पुस्तकात मुलगी झाल्यास हा काळ दुप्पट, म्हणजे ८० दिवसांचा सांगितला आहे. ख्रिस्ती उपासनेत असा भेद नाही. मुलगी झाली म्हणून पेढे वाटले नाहीत, स्नानसंस्काराचा सोहळा आटोपता घेतला, असे आपल्या घरांत घडत असेल तर तो दोष आपला आहे. स्नानसंस्काराच्या कुंडातले पाणी दोघांसाठी एकच असते.

स्नानसंस्कार केव्हा व कोठे?

१९८३ सालच्या कॅनन कायद्यातील कलम ८६७ प्रमाणे मातापित्यांनी बाळाचा स्नानसंस्कार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घडवून आणावयाचा आहे. त्यासाठी जन्मानंतर लगेच, किंबहुना जन्माआधीच, आपल्या धर्मगुरूंना भेटावे. संस्काराचे स्थान म्हणजे सामान्यतः मातापित्यांच्या धर्मग्रामाचे चर्च. निकड नसताना तो घरी करता येत नाही. रविवार हा त्यासाठी विशेष उचित दिवस मानला जातो.

धर्ममाता किंवा धर्मपिता एक असला तरी पुरतो. दोघे असल्यास एक स्त्री व एक पुरुष असावेत. सर्वसाधारण नियमाप्रमाणे त्यांचे वय १६ वर्षे पूर्ण असावे, त्यांनी ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण संस्कार स्वीकारलेले असावेत आणि त्यांचे जीवन श्रद्धेला साजेसे असावे. बाळाचे माता किंवा पिता स्वतः ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत. ही निवड मानपान सांभाळण्यासाठी अथवा भेटवस्तूंच्या अपेक्षेने होऊ नये. वीस वर्षांनंतर हे मूल अडचणीत सापडले तर कोणाच्या दारी जाईल, याचा विचार करून ती करावी.

परदेशातील मामा रजेवर यावेत, हॉलची तारीख मिळावी, केटरर ठरावा म्हणून संस्कार सहा-सहा महिने लांबणीवर टाकला जातो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. नातलगांविषयीची ओढ आम्ही समजू शकतो. परंतु कुटुंबाने बाळाला द्यावयाची पहिली देणगी स्नानसंस्कार ही आहे. मेजवानी मागाहूनही करता येते.

बाळाच्या जिवाला धोका असेल तर

ही माहिती प्रत्येक ख्रिस्ती घरात असावी. बाळाच्या जिवाला धोका असेल तर विलंब न लावता स्नानसंस्कार द्यावा. धर्मगुरू वेळेवर पोहोचू शकत नसतील तर कोणीही व्यक्ती तो देऊ शकते. आजी, पिता, डॉक्टर, अन्यधर्मीय परिचारिकादेखील. फक्त ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा तिचा हेतू असावा. बाळाच्या मस्तकावर तीन वेळा साधे पाणी ओतावे आणि त्याच वेळी त्याचे नाव घेऊन, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो, अशा अर्थाचे शब्द उच्चारावेत. बाळ काचेच्या पेटीत असेल तर डॉक्टरांच्या परवानगीने पाण्याचे काही थेंब मस्तकावरून ओघळले तरी पुरेसे आहे. नंतर धर्मग्रामाला कळवून नोंद करून घ्यावी. बाळ बरे झाल्यावर त्याला चर्चमध्ये आणून उरलेला विधी पूर्ण केला जातो. स्नानसंस्कार मात्र पुन्हा दिला जात नाही.

ज्यांचे बाळ संस्काराआधीच दगावले, त्या मातापित्यांना आम्ही विशेषत्वाने सांगू इच्छितो की त्यांनी स्वतःला दोषी मानू नये. कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा अशा बाळांना देवाच्या करुणेवर सोपविते. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार असल्याचे प्रतिपादन केले आहे. अशा बाळासाठी अंत्यविधीची प्रार्थना करता येते. त्यासाठी धर्मगुरूंना निःसंकोच बोलवावे.

बाहेर नेताना प्रकृतीचे भान

बाळाला बाहेर नेणे मुळात धोक्याचे नसते. धोका असतो तो गर्दी, संसर्ग, अति ऊन आणि धूर यांचा. जन्मतःच बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस-बी ही लस दिली जाते. पुढील लसी ६, १० व १४ आठवड्यांनी असतात. तोवर बाळाची प्रतिकारशक्ती दुबळी असते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत लग्नाचे हॉल, बाजार आणि सकाळ-संध्याकाळची विरार लोकल टाळलेली बरी. मुदतीपूर्वी, म्हणजे ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेऊनच बाहेर पडावे.

भेटीस येणाऱ्यांनी हात धुऊन बाळाला घ्यावे, चेहऱ्याचे मुके घेऊ नयेत आणि सर्दी-खोकला असल्यास भेट पुढे ढकलावी. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला पाणीही लागत नाही. मध तर एक वर्षापर्यंत चाटवू नये. यात्रेहून आणलेले पवित्र पाणी बाळाच्या कपाळाला लावावे. ते पाजू नये. शेक-शेगडीचा व धुरीचा धूर बाळाच्या छातीला अपायकारक असतो, हे आजीबाईंना प्रेमाने समजावून सांगावे.

प्रवासात मान न धरणाऱ्या बाळाला दुचाकीवर नेऊ नये. २०२२ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत चार वर्षांखालील मुलासाठी सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घालण्यात आली. परंतु तान्ह्या बाळासाठी दुचाकी मुळीच सुरक्षित नाही. मोटारीत पुढच्या आसनावर मांडीत धरून न बसता मागील आसनावर बाळासाठी असलेल्या खास आसनाचा उपयोग करावा.

बाळ दूध ओढेनासे झाले, छाती आत ओढून श्वास घेऊ लागले, अंग गार पडले, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, झटके आले किंवा ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर दृष्ट काढीत न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मिस्साबलिदान आणि रडणारे बाळ

कॅथोलिक धर्मशिक्षेत तान्ह्या बाळाची देखभाल हे रविवारच्या मिस्साबलिदानाला गैरहजर राहण्याचे रास्त कारण म्हणून स्पष्ट नमूद केले आहे (क्रमांक २१८१). त्यामुळे बाळंतिणीने मनाला टोचणी लावून घेऊ नये. आईवडिलांनी आळीपाळीने मिस्सेला येणे हाही चांगला मार्ग आहे.

परंतु बाळाला घेऊन येणाऱ्या मातेला आपण कसे वागवतो? येथे आम्हांला एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी बाळ रडू लागले तेव्हा आम्ही प्रवचन थांबवून त्या दिशेने पाहिले. शब्द एकही काढला नाही. माता उठली, बाळाला घेऊन मागच्या दाराने निघून गेली आणि पुढे कित्येक रविवार दिसली नाही. अखेर आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, “फादर, घरी सव्वा महिना एकटीच होते. देवळात तरी माणसांत बसावे म्हणून आले होते.” ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टिन चॅपेलमध्ये बालकांना स्नानसंस्कार देताना, बाळ भुकेले असेल तर मातांनी तेथेच निःसंकोच दूध पाजावे असे सांगितले होते. प्रत्येक चर्चमध्ये दाराजवळचा एक बाक बाळ घेतलेल्या मातांसाठी राखून ठेवावा, शेजारची एखादी खोली त्यांना मोकळी ठेवावी आणि स्नानसंस्काराचे पाणी थंडीत कोमट करून घ्यावे. या शेवटच्या गोष्टीस विधीतही परवानगी आहे.

यात्रा, नवस आणि पहिली सहल

मोत माउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. बांद्र्याच्या टेकडीवर त्या दिवसांत बाळाच्या आकाराच्या मेणाच्या प्रतिमा घेऊन कृतज्ञ मातापिता रांगेत उभे असतात. ही श्रद्धा आदरणीय आहे. मात्र पावसाळी हवेत आणि त्या गर्दीत काही आठवड्यांच्या बाळाला तासन्‌तास उभे ठेवणे मरियामातेलाही आवडणार नाही. तिनेही बाळाच्या रक्षणासाठी रात्रीतून मिसर देशाची वाट धरली होती. जत्रा ओसरल्यावर एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे. नवस त्याने अपुरा राहत नाही.

पहिली सहल तर याहून साधी असू द्यावी. सायंकाळी उन्हे उतरल्यावर गावच्या क्रुसापर्यंत, आजोबांच्या वाडीपर्यंत किंवा आजारी आजीच्या खाटेपर्यंत. पित्याने बाळाला घ्यावे आणि मातेने रिकाम्या हातांनी चालावे. प्रसूतीनंतर पुष्कळ स्त्रियांचे मन उदास होते. ही उदासी दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकली तर ती श्रद्धेची उणीव समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांनी तिला एकटे सोडू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला गृहख्रिस्तसभा म्हटले आहे. बाळाच्या कपाळावर रोज रात्री आईवडिलांनी आळीपाळीने क्रुसाची खूण करावी. स्नानसंस्काराच्या वेळी चर्चच्या दाराशी धर्मगुरूंपाठोपाठ त्यांनी जी खूण केली, तिचीच ही रोजची आठवण. नव्या बाळाच्या प्रत्येक घराला, आणि बाळाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक घराला, पवित्र कुटुंबाचा सहवास लाभो, ही प्रार्थना.