शिलेदार आणि बारगीर : संगणक-अभियंत्यांच्या नोकरी-बदलाची पूर्वपीठिका

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत घोडेस्वारांचे दोन वर्ग होते, हे सर्वश्रुत आहे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. दोन्ही शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले. पैकी शिलेदार या शब्दातील ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र हा अंश मूळचा अरबी आहे. चाकरी सोडण्याचा प्रसंग आला म्हणजे या दोघांतील अंतर उघड होई. एक घोड्यावरून जाई, दुसरा पायी.

हे शब्द प्रस्तुत लेखकाला अलीकडे एका निराळ्याच निमित्ताने आठवले. आमच्या विभागातून भाषाविज्ञान घेऊन बाहेर पडलेला व पुढे संगणकाकडे वळलेला एक विद्यार्थी गेली सहा वर्षे अमेरिकेत सिॲटलजवळच्या एका मोठ्या कंपनीत आहे. सुटीवर आला असता तो म्हणाला, “सर, तितक्याच मोठ्या दुसऱ्या कंपनीकडून बोलावणे आले आहे. पगार अधिक आहे, पण पद एक पायरी खालचे. जावे की न जावे?” भाषेच्या अध्यापकाने अशा प्रश्नास उत्तर देणे हे धाडसच होय. तथापि हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्यामागे सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून दिलेला सल्ला म्हणजे सल्ला देणाराच्या स्वभावाचा कौल, एवढाच त्याचा अर्थ होईल.

या इतिहासाचा आरंभ १९५६ साली धरावयास हरकत नाही. त्या वर्षी विल्यम शॉक्ली यांनी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे अर्धसंवाहकांची प्रयोगशाळा उघडली, आणि त्याच वर्षी ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल बार्डीन व ब्रॅटन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसे निवडण्यात शॉक्ली जितके कुशल, तितकेच ती सांभाळण्यात अकुशल होते. १९५७ साली त्यांचे आठ सहकारी एकदम बाहेर पडले व त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी स्थापन केली. ‘विश्वासघातकी अष्टक’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. शब्दार्थाच्या अभ्यासकाने हे नाव लक्षात ठेवावे. कारण निंदेसाठी योजलेला शब्द एका पिढीच्या आत गौरवाचा झाल्याचे, म्हणजे अर्थोत्कर्षाचे, इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा ज्या समाजाचा वाक्प्रचार, त्याला हा अर्थबदल पचविणे सोपे नाही.

आठांपैकी रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ साली फेअरचाइल्डही सोडली व इंटेलची स्थापना केली. मूळ कंपनीचे सर्वोच्च पद आपणास मिळणार नाही, हे नॉइस यांना दिसून चुकले होते. येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. एकात्मिक मंडलाविषयीचे नॉइस यांचे १९५९ सालचे पेटंट फेअरचाइल्डकडेच राहिले; सिलिकॉनवर काम कसे करावे, हे हाताला आणि बुद्धीला झालेले ज्ञान मात्र त्यांच्याबरोबर गेले. घोडा त्यांचा स्वतःचा होता. पूर्वेकडे आयबीएमची रीत याच्या अगदी उलट होती. तेथे माणूस उभा जन्म एकाच कंपनीत काढी, पण गावे बदलीत राही. इतकी, की कंपनीच्या नावातील तीन अक्षरांचा ‘माझी बदली झाली आहे’ अशा अर्थाचा विस्तार नोकरवर्गच विनोदाने करी.

अष्टकास जाता आले, ते केवळ धैर्यामुळे नव्हे. कॅलिफोर्नियाच्या १८७२ सालच्या दिवाणी संहितेने माणसास आपला धंदा करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरविला होता. हा नियम डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या कायदेपंडिताच्या मसुद्यातून आला. ज्या न्यूयॉर्कसाठी तो मसुदा लिहिला, त्या न्यूयॉर्कने ती दिवाणी संहिता कधीच स्वीकारली नाही. आणि त्याच मसुद्यावरून त्याच १८७२ साली भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम बेतले गेले. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतील व पुण्यातील अभियंत्यांचा हा हक्क एकाच लेखणीतून उतरला आहे.

अर्थात आपल्याकडे त्याची मर्यादाही लवकरच ठरली. कल्याण येथील सेंच्युरी कंपनीच्या टायरकॉर्ड विभागातील एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार मोडून अधिक पगारावर कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कराराची मुदत चालू असेतो असे बंधन घालण्यास कायद्याची आडकाठी नाही. मुदतीनंतरची गोष्ट वेगळी. पुढे १९८१ साली नारायण मूर्ती व त्यांचे सहा सहकारी पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून निघाले आणि त्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. कॅलिफोर्नियात आठ, पुण्यात सात. या सातांना कोणी विश्वासघातकी म्हटल्याचे मात्र ऐकिवात नाही.

कायद्याने जे बांधता येत नाही, ते मालकांनी अन्य मार्गांनी बांधू पाहिले. पहिला मार्ग समभागांचा. मोठ्या कंपन्या वेतनाचा मोठा अंश समभागांच्या रूपाने, बहुधा चार वर्षांत विभागून देतात. ॲमेझॉनमध्ये दीर्घकाळ हे प्रमाण पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी १५ व पुढील दोन वर्षी प्रत्येकी ४० टक्के असे होते. दोन वर्षांनी निघणारा किती मागे टाकून जातो, हे कोणासही कळेल. दुसरा मार्ग अधिक निंद्य होता. एकमेकांच्या माणसांना आपण होऊन बोलावणे पाठवावयाचे नाही, असा संकेत काही कंपन्यांनी आपसांत केला होता. २०१० साली अमेरिकेच्या न्यायखात्याने ॲडोबी, ॲपल, गूगल, इंटेल, इन्ट्युइट व पिक्सार यांच्यावर फिर्याद दाखल करून तडजोडीने हा संकेत बंद पाडला. आणि सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या वतीने चाललेल्या दाव्यात ॲडोबी, ॲपल, गूगल व इंटेल यांनी मिळून ४१ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याच्या तडजोडीस २०१५ साली न्यायालयाची मान्यता मिळाली. माणूस जाण्याने त्याचे मोल वाढत नसते, तर त्याला न बोलावण्याची एवढी खबरदारी कोणी कशाला घेतली असती?

तेव्हा बदलाने पगार वाढतो, हे सामान्यतः मान्य करावे. पदाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि येथे भाषाविज्ञानाचा थोडा उपयोग होतो. या कंपन्यांत पदे अंकांनी ओळखली जातात. गूगलमध्ये नवा पदवीधर तिसऱ्या पायरीवर येतो व ‘वरिष्ठ’ अभियंता पाचव्या पायरीवर असतो. ॲमेझॉनमध्ये हीच स्थाने चौथी व सहावी. मायक्रोसॉफ्टमध्ये मोजणी ५९ पासून, आणि ‘वरिष्ठ’ ६३ वर. ‘वरिष्ठ’ हा एकच शब्द, पण प्रत्येक घरच्या बोलीत त्याचा अर्थ निराळा. घर बदलणाऱ्या माणसाचे भाषांतर करावे लागते, आणि भाषांतरात काही ना काही गळतेच. जे गळते ते बहुधा त्या घरापुरते खरे असलेले ज्ञान : कोणती आज्ञावली कोठे ठेवली आहे, कोणाला विचारले असता काम होते, कोण आपल्या शब्दावर विसंबतो. पदोन्नतीच्या समित्या ज्यावर निर्णय देतात, त्यातील बराचसा भाग हाच असतो. हा सरकारी पागेतला घोडा होय. त्यावर बसून दुसऱ्याच्या छावणीत जाता येत नाही.

याउलट डेव्हिड कटलर यांचे उदाहरण पाहावे. ड्यूपाँ कंपनीतून १९७१ साली ते डिजिटल इक्विपमेंटमध्ये आले, तेथे व्हीएमएस ही कार्यप्रणाली घडविण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९८८ साली त्यांचा पुढचा प्रकल्प वरिष्ठांनी बंद केला, तेव्हा ते काही सहकाऱ्यांसह मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. १९९३ साली विंडोज एनटी बाहेर पडली. कार्यप्रणाली कशी रचावी, हे ज्ञान कोणत्याही घराचे नव्हते. आणि हेही ध्यानात घ्यावे की, त्यानंतर पुन्हा घर बदलण्याची त्यांना गरज पडली नाही. सत्या नडेला सन कंपनी सोडून १९९२ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले व २०१४ साली तिचे प्रमुख झाले. सुंदर पिचाई २००४ साली गूगलमध्ये आले, २०१५ साली प्रमुख झाले. अशा उदाहरणांवरून स्थैर्याचा महिमा गाणारे पुष्कळ भेटतात. परंतु तितकीच वर्षे थांबून जेथल्या तेथे राहिलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही, म्हणून या पुराव्याची किंमत बेतानेच करावी.

परदेशस्थ मराठी माणसास आणखी एक पेच असतो. त्याचा राहण्याचा परवानाच मालकाशी जोडलेला असतो. २००० सालच्या अमेरिकन कायद्याने एच-१बी परवान्यावरील माणसास नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच तेथे रुजू होण्याची मुभा दिली, हे खरे. तरी नोकरी सुटल्यास साधारणतः ६० दिवसांची सवलत असते, आणि कायम वास्तव्याच्या अर्जाचे प्रारंभीचे सोपस्कार नव्या मालकास बहुधा पुन्हा करावे लागतात.

विद्यार्थ्यास आम्ही एवढेच विचारले, की नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी सकाळी तुझ्या सहा वर्षांपैकी काय तुझ्या हाती असेल? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की, पहिली तीन वर्षे यंत्राला भारतीय भाषांचे उच्चार शिकविण्यात गेली, ती माझी आहेत. नंतरची तीन वर्षे कंपनीची अंतर्गत यंत्रणा दुरुस्त करण्यात गेली, ती त्यांची. खालची पायरी त्याला अपमानाची वाटत होती. आमच्या मते मात्र तो हिशेब बराचसा बरोबर होता, आणि तसे त्याला सांगितले. उच्चारांचे काम पुन्हा मिळणार असेल तर खालच्या पायरीवरही जावे, यंत्रणेचेच काम असेल तर वरच्या पायरीवरही जाऊ नये, असे आमचे मत पडले.

डिसेंबरात त्याचे पत्र आले. बोलावणे त्याने नाकारले होते, आणि त्याच कंपनीत उच्चारांच्या विभागात बदली मागून घेतली होती. ज्या प्रमुखाच्या भरवशावर ती बदली मागितली, तो तीन आठवड्यांनी कंपनी सोडून गेला, असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे.