खाडी आणि दक्षिणसागर

भिवंडीजवळच्या राहनाळ गांवीं आषाढांत जो पाऊस गोदामांच्या पत्र्यांवर कोसळतो, त्याचें माहेर दक्षिण हिंदी महासागरांत आहे. मॉरिशसच्या दक्षिणेस वायुभाराचें जें उच्च केंद्र असतें, तेथून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतांच वळतात आणि नैर्ऋत्येचे होऊन कोंकणावर येतात. तो महासागर दरवर्षीं असा आपल्या दारीं येतो. आपण त्याच्या दारीं कधीं गेलों काय, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे.

उत्तराचा आरंभ येथल्या खाडींतच होतो. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या आश्रयानें मराठी आरमाराच्या उभारणीस प्रारंभ झाला. १६६५ मध्यें तें आरमार बसरूरपर्यंत गेलें. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं इंग्रज व पोर्तुगीज यांस जेरीस आणिलें. हें सर्व गौरवास्पद खरें; परंतु गुराबा-गलबतांचें हें सामर्थ्य मुख्यतः किनाऱ्याच्या रक्षणाचें होतें.

विषुववृत्त ओलांडून मराठी माणूस मोठ्या संख्येनें गेला, तो आरमारी म्हणून नव्हे, मजूर म्हणून. ब्रिटिशांनीं १८१० मध्यें मॉरिशस बेट फ्रेंचांपासून जिंकलें. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी बंद झाली आणि उंसाच्या मळेवाल्यांस नवीं माणसें हवीं झालीं. १८३४ पासून सुमारें १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख भारतीय मजूर करारानें त्या बेटावर उतरले. बहुसंख्य कलकत्ता व मद्रास येथून गेले. मुंबईहून गेलेल्यांत कोंकणांतील माणसें पुष्कळ होतीं. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर, पोर्ट लुई दक्षिणेस २० अंशांवर. अंतर मोजतां येतें. पण गेलेल्यांपैकीं बहुतेक परतले नाहींत.

इकडे शिष्टमंडळी समुद्रयान शास्त्रसंमत कीं निषिद्ध, याचा खल करीत होती. तो प्रश्न कोंकणी शेतकऱ्यानें पोटासाठीं केव्हांच सोडविला होता. त्यानें बखर लिहिली नाहीं. परंतु त्याचे वंशज अद्यापि गणपति बसवितात, आणि गणेशचतुर्थी हा मॉरिशसमध्यें सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. मजूर जेथें उतरत, त्या आप्रवासी घाटास २००६ मध्यें जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला.

याहूनही दक्षिणेस, ४० अंशांपलीकडे, पश्चिमी वाऱ्यांनीं सदा खवळलेला पट्टा आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टांत मुंबईहून निघाले, तो पट्टा पार करून, वाटेंत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्यें परतले. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यांत बांधलेली होती.

दोंदे यांचें कौतुक झालें, तें योग्यच. पण त्यांस परतीचा किनारा होता. आरमाराची कथा आपण मुलांस शिकवितों. करारावर अंगठा उठवून गेलेल्यांची शिकवीत नाहीं. सागरी पराक्रम म्हणजे केवळ विजय, असें मानलें, तर आपला इतिहास खाडींतच नांगरून राहील.

राहनाळच्या गोदामांत आज परमुलखांतून आलेले हमाल ओझीं उचलतात. त्यांचीं नांवें तरी कोणीं लिहून ठेवावीं.